रेडिएशन मीटरवरचा आकडा वाचायचा कसा?

काही हजार रुपये टाकले की मोबाइलएवढं रेडिएशन मीटर आता कोणालाही ऑनलाइन मागवता येतं, सेल घातले की ते कटकट आवाज करायला लागतं आणि स्क्रीनवर ०.११ असं काहीतरी दिसतं. इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरी पंचाईत पुढे होते, कारण तो आकडा चांगला की वाईट हे बॉक्समधल्या कागदावर लिहिलेलं नसतं, आणि खरोखरच एखाद्या अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली तर त्या दिवशी शांतपणे बसून हे शिकायला कोणाला वेळ मिळणार? म्हणून आत्ता लिहितोय. उदाहरण घेतोय जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात मार्च २०११ मध्ये झालेल्या दुर्घटनेचं, कारण सामान्य माणसांनी स्वतः मीटर हातात घेऊन, आकडे लिहून, नकाशे बनवून अख्खी आणीबाणी मोजली असं तिथेच पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झालं. शिवाय टोकियोच्या एदोगावा भागात, निशि-कसाईला, आपली बरीच भारतीय मंडळी राहतात आणि त्यात मराठी घरंही आहेत. आणि आपल्याकडे तारापूर १९६९ पासून चालू आहे, बोईसर-डहाणू पट्ट्यात लाखो लोक राहतात, तेव्हा हा विषय आपल्यापासून लांबचा नाही.

आधी युनिट. मीटरवर दिसतो तो बहुतेक वेळा 'मायक्रोसिव्हर्ट प्रति तास' असतो, सिव्हर्ट म्हणजे शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप. यातला 'प्रति तास' हा भाग लोक हमखास विसरतात आणि तिथेच अर्धा घोळ होतो. पावसाचं बघा ना, ताशी ५० मिलिमीटरने पडतोय ही एक गोष्ट आणि सांताक्रूझला २४ तासांत किती मिलिमीटर झाला ही दुसरी. धो धो पाऊस दहा मिनिटं पडून थांबला तर रस्ता नुसता ओला होतो, तोच मध्यम पाऊस दिवसभर लागून राहिला की लोकल बंद पडतात. मीटर दाखवतं तो जोर. शरीराला फरक पडतो तो एकूण साठ्याने, म्हणजे जोर गुणिले वेळ. त्यामुळे आकडा बघितला की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा, किती वेळ?

आता मायक्रो आणि मिलि. एक सिव्हर्ट म्हणजे हजार मिलिसिव्हर्ट आणि एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट. छातीच्या एका एक्स-रेला साधारण २० ते १०० मायक्रोसिव्हर्ट लागतात, पोटाच्या सीटी स्कॅनला १० मिलिसिव्हर्टच्या आसपास, आणि जगातला सर्वसाधारण माणूस जमीन, आकाश, हवा, खाणं या सगळ्यातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिकरीत्याच घेतो. थोड्या वेळात १००० मिलिसिव्हर्ट म्हणजे एक सिव्हर्ट बसला तर उलट्या वगैरे त्रास सुरू होऊ शकतो. म्हणजे मायक्रो आणि मिलि यात गडबड झाली तर थेट हजारपटीचा फरक. १५ मार्च २०११ ला फुकुशिमा दाइइचीच्या तिसऱ्या रिअॅक्टरजवळ ताशी ४०० मिलिसिव्हर्ट मोजले गेले, तेव्हा जपान सरकारच्या वतीने रोज बोलणाऱ्या युकिओ एदानोंना पत्रकार परिषदेत मुद्दाम सांगावं लागलं की आजवर सांगत होतो ते मायक्रो होते आणि हे मिलि आहेत. सरकारच्या पातळीवर ही वेळ येते तर व्हॉट्सअॅपवर काय होत असेल याचा विचार करा. युनिट दिसत नसलेला मीटरचा फोटो कोणी पाठवला तर तो पुढे ढकलू नका, मग तो सख्ख्या मामाने पाठवला असला तरी.

काही मीटर 'सीपीएम' दाखवतात, म्हणजे मिनिटाला किती कण किंवा किरणं मीटरच्या आतल्या गायगर नळीने टिपली. ही संख्या नळी-नळीनुसार बदलते. स्वस्त मीटरमध्ये बऱ्याचदा असते ती जुन्या रशियन घाटाची काचेच्या शिशीसारखी किंवा धातूची बारीक नळी, ती ताशी एका मायक्रोसिव्हर्टला साधारण दीडशे-पावणेदोनशे सीपीएम देते, आणि जपानमधल्या स्वयंसेवकांनी वापरलेली मोठी चपटी पॅनकेक नळी तेवढ्याच किरणोत्साराला ३३४ देते. तेव्हा 'माझ्याकडे ४० सीपीएम आहे, तुझ्याकडे किती' या गप्पेला दोघांचं मॉडेल एकच असल्याशिवाय काही अर्थ नाही.

मीटर चालू केल्यावर नवीन माणूस सगळ्यात आधी दचकतो ते आकड्यांच्या उड्यांनी. टेबलावर मीटर ठेवलंय, कोणी हात लावलेला नाही, आणि स्क्रीनवर ०.०८, मग ०.१३, मग ०.१०, मध्येच ०.१७, परत ०.०९. कटकटसुद्धा एका लयीत होत नाही, दोन पटापट येतात, मग चार-पाच सेकंद चिडीचूप, मग एकदम तीन. यंत्र बिघडलेलं नाही, अणूंचं विघटन असंच स्वैर होतं. एका मिनिटात सरासरी २० टिपके (म्हणजे नळीने टिपलेली किरणं) येत असतील तर पुढच्या मिनिटाला १६ किंवा २४ येणं अगदी नेहमीचं, आणि अधूनमधून १२ किंवा ३० आले तरी काही झालेलं नसतं. साधा नियम असा, जेवढे टिपके मोजले त्याच्या वर्गमुळाएवढी अनिश्चितता धरायची. २० मोजले तर साडेचार, म्हणजे वीस-बावीस टक्के. दहा मिनिटं मोजत बसलात आणि २०० मिळाले तर १४, म्हणजे फक्त सात टक्के. म्हणून एकच सवय लावून घ्या, कधीही स्क्रीनवरचा क्षणाचा आकडा धरायचा नाही, दहा मिनिटांची सरासरी धरायची. बऱ्याच मीटरमध्ये सरासरीचं बटण असतं, नसेल तर दर मिनिटाला लिहून काढा आणि भागाकार करा.

दुसरी सवय याहून महत्त्वाची, आणि ती आत्ताच लावायची आहे, आणीबाणीत नाही. तुमच्या घरचा नेहमीचा आकडा तुम्हाला माहीत हवा. साधारणपणे जगभर बाहेरचा गॅमा किरणोत्सार (भिंतीतूनही आरपार जाऊ शकणारी किरणं) ताशी ०.०५ ते ०.२ मायक्रोसिव्हर्टमध्ये असतो, पण 'साधारणपणे' या शब्दाने तुमचं काम भागणार नाही. महाराष्ट्राचा मोठा भाग डेक्कन ट्रॅपच्या काळ्या पाषाणावर आहे आणि या दगडात युरेनियम-थोरियम कमी, त्यामुळे आपल्याकडे आकडा कमीच येतो, ग्रॅनाइटच्या प्रदेशात तो जास्त येतो, आणि केरळात करुनागपल्लीच्या मोनाझाइट वाळूवर तर कितीतरी जास्त. घरातल्या घरातसुद्धा फरक पडतो, स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा असेल तर तिथे थोडा चढा, लाकडी टेबलावर थोडा कमी. विमानात ३५ हजार फुटांवर हेच मीटर २-३ किंवा त्याहून जास्त दाखवेल आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ते आकाशातून येणारे वैश्विक किरण. तेव्हा आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ, घरातली एक जागा आणि बाहेरची एक जागा ठरवून मोजा आणि वहीत लिहा. ही वही नसेल तर दुर्घटनेच्या दिवशी दिसणारा ०.१८ हा नेहमीचा की वाढलेला हे तुम्हाला कोणीही सांगू शकणार नाही.

वही लिहायला लागलात की एक गंमतशीर गोष्ट कळेल, पहिला जोरदार पाऊस आला की आकडा वर जातो! हवेत नैसर्गिक रेडॉन वायू असतो, त्याच्यापासून तयार झालेले शिसं आणि बिस्मथचे किरणोत्सारी कण धुळीला चिकटलेले असतात आणि पाऊस ते धुऊन खाली आणतो. त्यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, वीस ते सत्तावीस मिनिटांचं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा जागेवर येतो. दर पावसाळ्यात होतं हे. बातम्यांमध्ये अणुभट्टीचं काही चालू असताना नेमका पाऊस आला आणि मीटर चढलं तर आधी तीन तास थांबून बघा, बाहेर न जाता. अशीच आणखी साधी कारणं असतात, म्हणजे पेट स्कॅन किंवा थायरॉइडची आयोडिनची ट्रीटमेंट घेऊन आलेला माणूस शेजारी बसला तरी मीटर ओरडतं, माळ्यावर जुन्या पेट्रोमॅक्स बत्तीचं मँटल पडलेलं असेल तर त्यातलं थोरियम दिसतं, रेडियमची तबकडी असलेलं आजोबांचं घड्याळ तर बघायलाच नको.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण टोकियोतलंच आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सेतागाया भागात एका रस्त्याच्या कडेला ताशी २.७ मायक्रोसिव्हर्ट मोजले गेले, टोकियोच्या मानाने प्रचंड, आणि साहजिकच सगळ्यांना वाटलं की फुकुशिमाचाच कचरा इथे साचलाय. पण फुकुशिमातून आलेलं असतं तर ते सीझियम, म्हणजे अणुभट्टीत तयार होणारा किरणोत्सारी पदार्थ, असायला हवं होतं, आणि पावसाने आणून टाकलेली गोष्ट जमिनीवर पसरलेली दिसली असती. इथे आकडा शेजारच्या एका जुन्या घराच्या दिशेने चढत होता. त्या घराच्या लाकडी जमिनीखाली रेडियमच्या जुन्या बाटल्या सापडल्या, वर्षानुवर्षं तिथेच पडलेल्या. दुर्घटनेशी काडीचा संबंध नाही. घरगुती मीटर किरणं मोजतं, ती कोणत्या पदार्थातून आली हे त्याला कळत नाही, त्यासाठी किरणांच्या ऊर्जेवरून पदार्थ ओळखणारं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोमीटर लागतो. पण इथे मोजणाऱ्यांनी आकडा बघून गप्प न बसता कळवला, प्रशासनाने येऊन शोधलं, आणि रेडियम तिथून हललं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता मुख्य गोष्ट. १५ मार्च २०११ ला सकाळी वारा टोकियोच्या दिशेने होता. शिंजुकूतल्या सरकारी मोजणी केंद्रावर नेहमी ०.०२८ ते ०.०७९ असतं, तिथे दहाच्या सुमाराला ०.८०९ लागलं. नेहमीच्या दहा-वीस पट. टीव्हीवर 'टोकियोत किरणोत्सार वीसपट' म्हटल्यावर लोकांची काय अवस्था झाली असेल, विमानतळावर रांगा, परदेशी माणसं घरं सोडून निघालेली. पण हिशोब करून बघा, ०.८ हा आकडा अख्खे २४ तास टिकला असता तरी एकोणीस मायक्रोसिव्हर्ट झाले असते, छातीच्या एका साध्या एक्स-रेएवढे. आणि तो टिकला नाहीच, त्याच दिवशी उतरला. कारण हा ढग होता. किरणोत्सारी वायू आणि कणांचा ढग शहरावरून गेला, मीटर चढलं, ढग पुढे सरकला, मीटर उतरलं.

मग २१ मार्चला पाऊस आला. पुढचे दोन दिवस शिंजुकूचा आकडा चढून ०.१५ च्या आसपास गेला. ०.८ बघितलेल्या माणसाला ०.१५ म्हणजे काहीच नाही, बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. पण हा आकडा पावसानंतर तीन तासांत उतरला नाही, दुसऱ्या दिवशी उतरला नाही, आठवडे गेले तरी हळूहळू उतरत राहिला, कारण या वेळी पदार्थ वरून निघून गेला नव्हता, तो पावसाबरोबर जमिनीवर, छपरांवर, नदीत उतरला होता. २२ मार्चला कानामाची जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात किलोला २१० बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन) किरणोत्सारी आयोडिन सापडलं, तान्ह्या बाळांसाठी मर्यादा होती १००. २३ तारखेला टोकियो सरकारने जाहीर केलं की वर्षाच्या आतल्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका, आणि दुकानांतल्या बाटल्या काही तासांत संपल्या. हे केंद्र पूर्व टोकियोला पाणी देतं, त्यात एदोगावा येतो, म्हणजे आपल्या निशि-कसाईच्या घरांतलं पाणी. २४ तारखेला ते प्रमाण ७९ वर आलं आणि सूचना मागे घेतली.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा. मोठा आकडा निघून गेला, छोट्या आकड्याच्या मागे बाळाच्या दुधातलं पाणी होतं. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो की आकडा किती मोठा यापेक्षा तो किती वेळ राहिला आणि तुमच्या नेहमीच्या पातळीवर परत आला की नाही हे बघा. चढून उतरला तर ढग गेला. चढला, थोडा उतरला आणि नेहमीच्या वरच अडकून बसला तर तुमच्या परिसरात काहीतरी खाली उतरलंय, आणि तिथून पुढे खाणंपिणं, मुलांचं खेळणं, चपला, कुत्र्याचे पाय, सगळ्याचा विचार सुरू होतो.

आणि तो पाण्याचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथे लोक हमखास फसतात. नळाच्या पाण्याचा ग्लास मीटरजवळ ठेवून 'बघा काही वाढलं नाही' म्हणणं अजिबात चालणार नाही. २१० बेकरेल म्हणजे एक किलो पाण्यात सेकंदाला २१० विघटनं, त्यातली किरणं चहूबाजूंना जातात, त्यातली थोडीच इवल्याशा नळीकडे येतात, आणि नळी गॅमा किरणांतली फारच थोडी टिपते. जे काही टिपलं जाईल ते रोजच्या चढउतारात बुडून जातं. दूध, पालेभाजी, मासे, पाणी यांची तपासणी प्रयोगशाळेत शिशाच्या जाड कवचात नमुना ठेवून, तासन् तास मोजून होते. तसंच श्वासातून आत गेलेलं आयोडिन थायरॉइडमध्ये साठतं, त्याचाही हिशोब तुमच्या मीटरवरच्या आकड्यात नसतो. मीटर शांत आहे म्हणून अंगणातली मेथी खायची, असं करू नका. अन्नपाण्याच्या बाबतीत प्रशासन काय सांगतंय तेच ऐकायचं.

मग घरी मीटर ठेवून उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो फुकुशिमाच्याच लोकांनी फार मोठी किंमत देऊन दाखवून दिला. फुकुशिमा प्रांतात अणुवीज केंद्राच्या परिसरातली सरकारी मोजणी यंत्रं होती २४, त्यातली २३ भूकंप, त्सुनामी आणि वीज जाण्याने बंद पडली. नामिए गावचे हजारो लोक समुद्राकाठून निघून आतल्या डोंगराळ त्सुशिमा भागात गेले, अंतराने केंद्रापासून लांब, पण वारा नेमका त्याच दिशेने, वायव्येला वळला. त्यांना कोणी सांगितलं नाही. त्याच १५ तारखेला संध्याकाळी पाऊस आणि बर्फ पडला, आणि केंद्रापासून जवळजवळ ४० किलोमीटरवरच्या इइताते गावात ६ वाजून २० मिनिटांनी ४४.७ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास लागले. त्या वेळी गाव सोडण्याचा आदेश २० किलोमीटरपर्यंत होता आणि घरात बसण्याचा ३० पर्यंत. इइतातेचा मोठा भाग दोन्हीच्या बाहेर. गाव सोडण्याच्या यादीत त्याचं नाव आलं २२ एप्रिलला. एवढे दिवस लहान मुलं तिथेच होती, हे वाचताना आजही पोटात तुटतं. नकाशावर कंपासने काढलेल्या वर्तुळाला वारा आणि पाऊस जुमानत नाहीत. तुमच्या गल्लीत काय पडलंय हे तुमच्या गल्लीत मोजूनच कळतं. सेफकास्ट नावाचा स्वयंसेवकांचा गट याच काळात उभा राहिला, जपानी जेवणाच्या डब्याएवढं यंत्र गाडीच्या खिडकीला लावून, दर पाच सेकंदांनी जागेसकट नोंद करत हे लोक रस्त्यारस्त्याने फिरले आणि सगळे आकडे सर्वांसाठी खुले ठेवले. एका रस्त्यापासून पुढच्या रस्त्यापर्यंत आकडा बदलतो हे त्यातून लोकांना दिसलं.

किती आकड्याला काय करायचं याच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ढोबळ पातळ्या ठरवल्या आहेत, जमिनीपासून एक मीटर उंचीवर मोजून. ताशी १००० मायक्रोसिव्हर्टच्या वर असेल तर ताबडतोब सुरक्षितपणे बाहेर काढायचं. १०० च्या वर असेल तर लोकांना काही दिवसांत दुसरीकडे हलवायची तयारी. आणि नेहमीच्या पातळीपेक्षा फक्त १ ने जास्त असलं तरी स्थानिक भाजीपाला, चरणाऱ्या जनावरांचं दूध, पावसाचं साठवलेलं पाणी तपासणी होईपर्यंत बंद. शेवटची पातळी बघा किती खाली आहे, आणि पहिली किती वर. मधल्या प्रचंड पट्ट्यात, म्हणजे २, ५, २० अशा आकड्यांवर, उठून पळत सुटण्याचं कारण नसतं, पण अंगणातलं काही खायचं नाही हे मात्र पक्कं. या पातळ्या प्रशासनाने निर्णय घेण्यासाठी आहेत, तुम्ही आपल्या मनाने गाडी काढण्यासाठी नाहीत. मला विचाराल तर घरगुती मीटरवरच्या आकड्यावरून 'घरातच थांबा' हा आदेश मोडून बाहेर पडणं ही यातली सगळ्यात धोक्याची चूक, कारण ढग डोक्यावर असताना रस्त्यात ट्रॅफिकमध्ये अडकलात तर पक्क्या घरात मिळाली असती त्याहून जास्त मात्रा मिळते.

जपानमध्ये दोन आकडे फार गाजले, ३.८ आणि ०.२३, आणि ते आले कुठून हे समजलं तर तुम्हाला स्वतःचा हिशोब करता येईल. त्यांनी धरलं की माणूस दिवसाचे ८ तास बाहेर आणि १६ तास लाकडी घरात असतो, आणि घरात बाहेरच्या ४० टक्केच किरणोत्सार पोचतो. मग १६ गुणिले ०.४ म्हणजे ६.४, त्यात ८ मिळवा, झाले १४.४ तास. ३.८ गुणिले १४.४ गुणिले ३६५ केलं की वर्षाला २० मिलिसिव्हर्ट येतात. एप्रिल २०११ मध्ये शाळांच्या मैदानांसाठी ही मर्यादा लावली तेव्हा आईवडील खवळले, सरकारचेच सल्लागार तोशिसो कोसाको यांनी राजीनामा दिला, आणि मेअखेर सरकारला १ मिलिसिव्हर्टचं लक्ष्य जाहीर करावं लागलं. ०.२३ हा त्या १ मिलिसिव्हर्टचा आकडा, ०.१९ दुर्घटनेचे आणि ०.०४ तिथल्या जमिनीचे नैसर्गिक. म्हणजे ०.२३ ही काही जगाची लक्ष्मणरेषा नाही. ग्रॅनाइटवरच्या गावात ०.२३ जन्मापासून असू शकतं. तुम्ही तुमच्या वहीतला नेहमीचा आकडा वजा करा आणि मग गुणाकार करा.

प्रत्यक्ष मोजायचं कसं? मीटर पातळ झिपलॉक पिशवीत घाला, म्हणजे धूळ यंत्राला चिकटणार नाही, एकदा चिकटली की ते कायम जास्तच दाखवत बसतं. बाहेर जायला मनाई असेल तोवर फक्त घरात मोजा, खिडकीपाशी दहा मिनिटं, मग मधल्या खोलीत दहा मिनिटं. जिथे कमी तिथे सगळ्यांनी बसायचं, एवढा साधा निर्णय मीटर तुम्हाला अगदी पक्का देतं, कारण इथे यंत्र थोडं चुकीचं असलं तरी तुलना बरोबरच निघते. बिल्डिंगमध्ये बहुधा मधले मजले आणि आतल्या खोल्या बऱ्या ठरतात, वरच्या मजल्याला गच्चीवर साचलेलं जवळ पडतं आणि तळमजल्याला जमिनीवरचं. कौलारू घरात माळा टाळा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद, खिडक्या बंद, विंडो एसीची बाहेरची हवा घेणारी फट बंद. बाहेर जायची परवानगी मिळाली की एक मीटर उंचीवर मोजा, त्याला तुलनेसाठी अर्थ आहे, आणि मग जमिनीपासून बोटभर अंतरावर. खालचा आकडा वरच्यापेक्षा खूप जास्त आला तर त्या जागी काहीतरी पडलेलं आहे. गच्चीच्या पन्हाळीचं पाणी जिथे पडतं ती जागा, गटाराचं तोंड, शेवाळं, पाचोळ्याचा ढीग, इथे आधी बघा. टोकियोजवळच्या काशिवा शहरात, केंद्रापासून जवळजवळ दोनशे किलोमीटर लांब, ऑक्टोबर २०११ मध्ये एका फुटलेल्या गटाराशेजारच्या मातीत फूटभर खोल ताशी ५७.५ मायक्रोसिव्हर्ट सापडले. सभोवारचं पावसाचं पाणी महिनोन् महिने त्या एका जागी झिरपत होतं.

एक धोका मात्र आधी माहीत असू द्या. स्वस्त गायगर नळीला प्रत्येक टिपक्यानंतर किंचित काळ 'आंधळेपण' येतं. किरणोत्सार फारच जास्त झाला की टिपके एकमेकांवर येतात, नळी भांबावते, आणि काही मीटर कमी किंवा चक्क शून्य दाखवायला लागतात. घरातला मीटर आत्तापर्यंत वर वर चढत होता आणि अचानक ०.०० झाला तर आनंद मानू नका, लगेच सुरक्षित बाजूला सरका. काही यंत्रं वरच्या टोकाला जाऊन तिथेच थांबतात, तोही आकडा खरा नसतो. १९८६ ला चेर्नोबिलमध्ये सुरुवातीला ताशी ३.६ रोंटजेन (किरणोत्सार मोजण्याचं जुनं युनिट) असा निरोप वर गेला, तो त्यांच्या हाताशी असलेल्या यंत्राच्या पट्टीवरचा शेवटचा आकडा होता, प्रत्यक्षात कितीतरी पट जास्त होतं. तुमच्या मीटरची कमाल मर्यादा किती आहे ते आजच कागदावर बघा आणि यंत्राच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

पुढच्या आठवड्यांत आकडा कसा उतरतो यावरूनही बरंच कळतं. आयोडिन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे सुरुवातीला उतार भराभर दिसतो, इइताते ४४.७ वरून महिनाभरात पाच-सहाच्या घरात आलं. मग वेग मंदावतो, कारण उरतं सीझियम, १३४ चं अर्धायुष्य दोन वर्षं आणि १३७ चं तीस. नेटवर एक नियम फिरतो की वेळ सातपट झाली की किरणोत्सार दहापट कमी होतो. तो अणुबॉम्बच्या राखेसाठी आहे. अणुवीज केंद्राच्या गळतीला तो लावू नका, तिथे उतार वेगळा असतो, आणि केंद्रातून पुन्हा काही बाहेर पडलं तर आकडा परत चढतोसुद्धा.

आयोडिनच्या गोळ्यांचं विचारतात लोक. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडिनपासून वाचवतं, ते योग्य वेळी घ्यावं लागतं आणि प्रशासनाने सांगितल्यावरच. सीझियमवर त्याचा उपयोग नाही आणि मीटरवरचा आकडा त्याने हलत नाही. मार्च २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी आयोडिनयुक्त मिठाची पोती उचलली होती, त्याने काहीच होत नाही, मिठात तेवढं आयोडिन नसतंच आणि जास्त मीठ खाल्लं तर रक्तदाब वाढतो. तारापूर परिसरात अशी वेळ आली तर केंद्राबाहेरच्या सगळ्या गोष्टींची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं देशभर मोजणी केंद्रांचं जाळं आहे. घरातलं मीटर त्यांच्या जोडीला ठेवायचं. तुमची नोंद त्यांना उपयोगी पडावी असं वाटत असेल तर तारीख, वेळ, नेमकी जागा, जमिनीपासूनची उंची, पाऊस होता का, दहा मिनिटांची सरासरी, युनिट आणि मीटरचं मॉडेल एवढं एका ओळीत लिहा, आणि त्याच्या शेजारी दुर्घटनेच्या आधीचा तुमचा नेहमीचा आकडा. आणि मीटर कपाटात ठेवताना आतले सेल काढून ठेवा, वर्षभर पडून ते गळतात आणि नेमक्या दिवशी यंत्र सुरूच होत नाही.